होळीवर चढलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. तेही घराचे नाही, गोठ्याचे. घराच्या दाराला तोरण मिळते, हळदीकुंकू मिळते. मला मिळाली म्हशीची शेपटी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची लाथ. दाराने एवढी कुरकुर करू नये, असे तुम्ही म्हणाल. पण आधी माझी हकिकत ऐका.

माझे लाकूड सातपुड्यातले. जळगाव जामोदच्या एका सुताराने मला घडवले आणि शालिग्राम गुरुजींनी परसातल्या गोठ्याला बसवले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. एकदा मलेरियाची फवारणी करणारे आले आणि माझ्यावर गेरूने भलीमोठी तारीख लिहून गेले. मला कोणी विचारले नाही. ती तारीख पुसट होते न होते तोच गुरुजींनी कोळशाची पूड कालवून मला काळेकुट्ट केले. तेव्हाही कोणी विचारले नाही.

याला कारण होती त्यांची मुलगी सोजरा. ती मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली होती. "यंदा पास झाली तर पुढं शिकू देऊ, नाही तर ज्येष्ठात लग्न," असे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांच्यात ठरले होते. अन्नपूर्णाबाईंना निकालाचा अंदाज आधीच आला असावा. लग्नाच्या जेवणावळीसाठी त्यांनी माझ्याशेजारी बाभळीच्या सरपणाची उंच रास रचून ठेवली होती.

शाळेचा फळा घरी आणणे गुरुजींना पटणारे नव्हते. जनावरे बांधायला आणि सोडायला सोजरा सारखी माझ्यासमोर येते, तेव्हा येताजाता वाचेल, असा त्यांचा विचार. ज्या शब्दांत अक्षरांची एकच जोडी येते, ते शब्द गुरुजी माझ्यावर खडूने एकत्र लिहीत आणि पुढे अर्थ मांडत. एक जोडी पाठ झाली की पुसून दुसरी. टी-एच पुसली गेली, जी-एच पुसली गेली. के-एन मात्र महिनाभर माझ्यावरून हलेना. नाइफ म्हणजे सुरी. निट म्हणजे विणणे. नी म्हणजे गुडघा आणि नील म्हणजे गुडघे टेकणे. नॉट म्हणजे गाठ. नॉक म्हणजे दार ठोठावणे. हा शब्द वाचून मला फार वाईट वाटे, कारण गोठ्याचे दार कोणी ठोठावत नाही.

"बाबा, हा के लिवायचा, मंग बोलायचा काऊन नाही?" सोजरा चिडून विचारी.

"घरातला म्हातारा समज त्याले. बोलत नाही, पण त्याच्याबिगर पंगत बसत नाही."

ती हसे आणि पुन्हा नॉटचा अर्थ गुडघा सांगे. रोज. गाठ गं बाई, गाठ! मला सगळे पाठ झाले होते, पण माझा उपयोग काय? दाराला फक्त करकरता येते.

इंग्रजीचा पेपर धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी होता. होळीच्या दिवशी बाजार होता आणि घरातली माणसे बाजाराला गेली होती. आमच्याकडे पोरे होळीसाठी लाकडे पळवतात आणि मालकाने रागवायचे नसते. इंद्रभान नावाचा दांडगा पोरगा चारपाच जणांना घेऊन परसात आला. लग्नाच्या सरपणाला हात लावायचा नाही, ही रीत त्यांनी पाळली आणि बिजागऱ्यांतून उचकटून मला नेले. अंगावर के-एनचे सगळे शब्द घेऊन मी होळीवर चढले.

संध्याकाळी गुरुजी धावत आले. होळीचा मान गुलाबरावांचा. ते म्हणाले, "गुरुजी, होळीवर चढलेलं लाकूड खाली येत नसते. तुमाले काय सांगा लागते?"

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले आणि दोन पावले मागे सरले. मला त्यांचा भारी राग आला. वर्गात एवढा दरारा असलेला माणूस, पण रीत म्हटली की लगेच माघार!

मागून नैवेद्याचे ताट घेऊन अन्नपूर्णाबाई आल्या. "जाऊ द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "देवाचाच कौल समजा. दार गेलं, पेपरबी राहू द्या."

सोजराने ते ऐकले. ती पुढे झाली आणि होळीसमोर उभी राहून मोठ्याने माझ्यावरचे शब्द वाचू लागली. सुरी, विणणे, गुडघा. माणसे जमली.

"काय गं सोजरे," गर्दीतून कोणी ओरडले, "लग्नात मंगलाष्टकं इंग्रजीतून म्हणतं काय?"

हशा पिकला. सोजरा अडखळली, पण जागची हलली नाही. अन्नपूर्णाबाईंनी हातातले ताट खाली ठेवले.

"गुलाबभाऊ, हसून झालं असंल तर दार खाली घ्या. बदल्यात माह्या घरचं सरपण न्या. समदं."

"लग्नाचं?"

"हाव, लग्नाचं. होळीले लाकूडच पाहिजे ना?"

"अवं वहिनी, मंग ज्येष्ठात काय जाळसान?"

"ज्येष्ठात मांडवच नाही माह्या घरी."

गुलाबरावांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी मान हलवली. ज्या पोरांनी मला चढवले त्यांनीच खाली उतरवले आणि बाभळीची रास होळीवर गेली. पेटल्यावर असा लख्ख उजेड पडला की कडुलिंबाला टेकवलेल्या माझ्यावरचे अक्षर न् अक्षर दिसू लागले. सोजरा माझ्यासमोर बसून वाचत राहिली. नॉट म्हणजे गाठ, हे तिने त्याच उजेडात बरोबर सांगितले. जूनमध्ये ती पास झाली.

गुरुजी गेल्या थंडीत गेले. त्यांच्या हाताचे एकही अक्षर माझ्यावर उरलेले नाही; खडूचे ते, किती टिकणार? गोठा पडला. मी भिंतीला टेकून आहे, खालून वाळवी चढते आहे, आणि जो येतो तो विचारतो, "हे लाकूड द्यायचं काय?"

मित्रांनो, होळीला लाकूड जरूर न्या, पण विचारून न्या. आणि एखाद्या घरात कोणी मुलगी शिकत असेल, तर तिची अभ्यासाची जागा मोडू नका. ती जागा म्हशीच्या गोठ्यात असली तरीही.