चावी कुणीही फिरवावी

आक्कांचा ट्रक आक्कांशिवाय कुणाच्या बापाला सुरू होत नसे, आणि हे आक्कांना मनापासून आवडायचं.

ट्रक त्यांच्या मुलापेक्षा वयाने मोठा. पेट्रोलवर चालणारा, गाल फुगवून बसल्यासारखा दिसणारा, आणि दारं आपटल्याशिवाय न लागणारी. आक्का आणि त्यांचे यजमान मिळून रोपवाटिका चालवत. पेरणं, कलमं बांधणं, खतपाणी हे यजमानांचं. तयार झाडं गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवणं आक्कांचं. यजमानांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी सुकी काडी मातीत खोचली तरी तिला पानं फुटत. पण त्याच हातात ट्रकची चावी दिली की ट्रक असा मुका व्हायचा, जणू यांची त्याची ओळखच नाही.

आक्कांचं तसं नव्हतं. सकाळी त्या सीटवर चढत, चोक पुरता ओढत, पेडल दोनदा दाबत, गारठा असला तर तीनदा, आणि चावी फिरवत. इंजिन खोकलं की चोक अर्ध्यावर आणायचा आणि मग पायाच्या अंगठ्याने पेडल गोंजारत बसायचं. सगळा दोष कार्बोरेटरचा. इंजिनाच्या डोक्यावर बसून पेट्रोल आणि हवा कालवायची आणि इंजिनाला भरवायची, एवढंच त्याचं काम. पण हा स्वयंपाकी लहरी होता. कधी उपाशी ठेवायचा, कधी घशाशी येईस्तोवर कोंबायचा. चौकात थांबलं की गाडी बंद पडायची, म्हणून आक्कांचा एक कान कायम इंजिनाकडे आणि डोळे रस्त्यावर.

घरात सून आली ती गॅरेजमध्ये काम करणारी. गाड्यांची वायरिंग, सेन्सर, कॉम्प्युटर हे तिचं खातं. वर्षभर तिने सासूबाईंचा रोजचा सोहळा मुकाट्याने पाहिला आणि एके सकाळी चहा पिता पिता विषय काढला.

"आई, कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवू या का?"

"कुणाला ताप आलाय?" भाऊंनी विचारलं.

"फ्युएल इंजेक्शन, बाबा. हवा किती येतेय, इंजिन किती तापलंय, ते बघून कॉम्प्युटर मोजकं पेट्रोल फवारतो. चोक नाही, पेडल मारणं नाही. चावी फिरवली की चालू."

"कुणीही फिरवली तरी?" भाऊ खुर्चीत सरसावून बसले.

"कुणीही."

आक्कांनी कपबशी जरा जोरातच खाली ठेवली. "चालत्या गाडीला खीळ घालू नये," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. मनात मात्र त्यांना वाटलं, ही कालची पोर आपल्या कमरेच्या किल्ल्याच मागतेय. सुनेने पुन्हा विषय काढला नाही. शहाणी होती.

मग एक दिवस रोपवाटिकेतल्या पाण्याच्या नळीवरून आक्कांचा पाय घसरला आणि घोटा असा मुरगळला की सुजून भोपळा झाला. डॉक्टरांनी पट्टी बांधून सक्त ताकीद दिली, पाय टेकायचा नाही. नेमकी दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या नव्या इमारतीसाठी झाडं पोचवायची होती. कुंड्या आदल्या संध्याकाळीच ट्रकमध्ये चढवून झाल्या होत्या.

"मी नेतो," भाऊ म्हणाले. "लायसन आहे माझ्याकडे." ते खरं होतं. लायसनवरचा फोटो छान आला होता म्हणून ते दर वेळी मुदत वाढवून आणत.

सकाळी आक्का खाटेवर पडून खिडकीतून ऐकत होत्या. स्टार्टर कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला.

"चोक ओढलात का?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"ओढलाय."

"सगळा?"

"सगळा म्हणजे किती?"

"अहो, येईल तेवढा. आता पेडल दोनदा दाबा."

बाहेरून पेडलचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि मग मोजदाद सोडून दिल्यासारखा धबाधबा. खिडकीतून पेट्रोलचा भपका आत आला.

"झालं," आक्का उशीवर मान टाकत म्हणाल्या. "पाजलं तिला पोटभर."

प्लग भिजले. भाऊ तरी स्टार्टर मारतच राहिले आणि शेवटी बॅटरीने मान टाकली. शेजारच्या सुताराचा टेम्पो मागून आणला, सगळी झाडं ट्रकमधून उतरवून त्यात चढवली, टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. दुपारी भाऊ घरी आले तेव्हा त्यांचे हात मातीने माखलेले आणि तोंड उन्हाने रापलेलं होतं.

"ती माझ्याशी बोलत नाही," ते खाटेच्या कडेला बसून म्हणाले.

आक्का हसल्या, इतक्या की पाय ठणकला. मग भाऊंच्या चेहऱ्याकडे नीट लक्ष गेलं आणि हसू ओसरलं. माणूस खरोखर ओशाळला होता. इतकी वर्षं हा शेजारच्या सीटवर बसून कुंड्या सांभाळत आला, आणि आपण सगळ्या गावाला कौतुकाने सांगत फिरलो की यांना गाडी सुरूसुद्धा करता येत नाही. तो विनोद त्यांना त्या दुपारी काही केल्या गोड लागेना.

संध्याकाळी सून कामावरून आली. आक्कांनी तिला खाटेजवळ बोलावलं. "तुझं ते इंजेक्शन आण बाई."

सून म्हणाली, "नक्की? मागून बोल लावाल."

"लावला तर लावला. सासू आहे मी, तेवढा हक्क ठेव की."

सुनेने रजा काढली आणि शेडमध्ये काम मांडलं. आक्कांनी आपलीही खुर्ची तिथे मांडायला लावली आणि दुखरा पाय उपड्या कुंडीवर ठेवून त्या देखरेखीला बसल्या. कार्बोरेटर निघाला तेव्हा सुनेने तो उघडून दाखवला. तळाशी तांबूस गाळाचा थर होता.

"हे पोटात घेऊन धावत होता बिचारा," आक्का म्हणाल्या. "आणि मी म्हणायचे नाटकी आहे."

टाकीही खाली काढून गंज धुऊन काढली आणि तिच्यात विजेवर चालणारा पंप बसवला. कार्बोरेटरच्या जागी, त्याच बोल्टांवर, नवं यंत्र बसलं. वेल्डरला बोलावून सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडलं आणि त्यात धुराचा वास घेऊन कॉम्प्युटरला चहाडी सांगणारा सेन्सर घातला. वायरींचा तर बाजार मांडला होता. पहिल्यांदा आक्का नुसत्या बघत होत्या, मग वायरी धरू लागल्या, मग "ही पिवळी इकडे का गं?" असं विचारू लागल्या. सून सांगत गेली. अशा गप्पा त्या दोघींत आजवर झाल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात दोघींनाही कधी विषय सुचत नसे.

सगळं जोडून झालं, बॅटरीही चार्ज करून आणली. सुनेने हात देऊन आक्कांना सीटवर चढवलं. "पहिली चावी तुम्हीच फिरवा."

आक्कांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दारात उभ्या भाऊंनी सहानुभूतीने मान हलवली, कारण हा अनुभव त्यांच्या ओळखीचा होता.

सुनेने पंपाला कान लावला; तो गुणगुणत होता. प्लग तपासले, ठिणगी पडत होती. तिच्या कपाळावर आठी आली.

"एक सांगू?" आक्का वरून म्हणाल्या. "मी चावी फिरवून धरते तोवर ढिम्म. सोडली की सोडता सोडता एक हुंकार देते."

"सोडल्यावर?" सून थबकली. "पुन्हा करा बरं."

तिने कॉम्प्युटरला करंट देणाऱ्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. चावी अर्धी फिरवली तर दिवा लागला. स्टार्टर फिरवला आणि दिवा विझला. चावी सोडली, दिवा परत लागला.

सून मटकन पायरीवर बसली आणि हसू लागली. "माझीच चूक, आई. मी करंट घेतलाय तो भलत्याच वायरीतून. स्टार्टर फिरताना ती वायर मरते. म्हणजे इंजिन जेवायला मागतं, नेमका तेव्हाच वाढपी झोपतो."

"गॅरेजमध्ये सांगू नकोस," आक्का म्हणाल्या. "आपल्या आपल्यात ठेवू."

वायर दुसरीकडे जोडली. आक्कांनी पुन्हा चावी धरली.

"आई, पाय काढा पेडलवरून."

"काढलाय."

"चांगला पाय म्हणतेय मी."

आक्कांनी तोही काढला. चावी फिरवली मात्र, इंजिन चालू. ना खोकला, ना ठसका. बंद असेल असं समजून दाराला खांदा द्यावा आणि ते उघडंच निघावं, तसं आक्कांना झालं. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं आणि त्यांच्या पायाला काहीच काम नव्हतं. क्षणभर त्यांना पोरकं वाटलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि हाक मारली.

"अहो, या इकडे. तुम्ही करा."

भाऊंनी आधी नळावर जाऊन हात धुतले. मग चढून बसले, चावी फिरवली, आणि ट्रक त्यांच्याशी बोलला. त्यांनी बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला.

"बास आता," आक्का म्हणाल्या. "गाडी आहे, दारावरची घंटा नाही."

पाय बरा व्हायला वेळ होता, म्हणून त्या आठवड्यात झाडं पोचवायला भाऊंनी ट्रक काढला आणि आक्का शेजारी बसल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी ब्रेक, गिअर आणि समोरून येणाऱ्या सायकलीबद्दल इतक्या सूचना दिल्या की भाऊ म्हणाले, "अगं, तू जरा बाहेर बघ."

चौकात गाडी थांबली. आक्कांनी सवयीने कान टवकारले, पण इंजिन शांतपणे चालत राहिलं. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी बाहेर पाहिलं. एका घराच्या कुंपणावरून बोगनवेल उतू जात होती, पार दुसऱ्या मजल्याच्या सज्जापर्यंत.

"केवढी वाढलीय," त्या म्हणाल्या.

"आपलीच आहे. तूच आणून दिली होतीस, वीतभर होती."

थोडं पुढे दवाखान्याच्या आवारात गुलमोहर होता आणि त्याच्या सावलीत माणसं बाकावर बसली होती. "हाही?" आक्कांनी विचारलं. "हाही," भाऊ म्हणाले. पुढे गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब, मग छपाईवाल्याच्या दारातला चाफा. भाऊंना एकेक पाठ होतं. कुठल्या झाडाला मागच्या वर्षी कीड लागली होती तेही.

"मला कधी बोलला नाहीत."

"तू इंजिन ऐकत असायचीस. मधे बोललं की ओरडायचीस."

ते मात्र खरं होतं. आक्कांनी काच खाली करून कोपर बाहेर टेकवलं आणि त्या पुढचं झाड शोधू लागल्या.

संध्याकाळी सून दारातच वाट बघत उभी होती. "कशी चालली गाडी? चढावर ओढते का नीट?"

"ते तुझ्या सासऱ्यांना विचार," आक्का उतरता उतरता म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं. आणि उद्या मागच्या रस्त्याने जायचंय. तिकडे आपले दोन अशोक आहेत म्हणे, केवढे झालेत ते मी काही पाहिलं नाही अजून."