मधुसूदनच्या पानाची पाहणी

युद्धावर गेलेला माणूस दोनच रीतींनी परततो: विजयी होऊन, नाहीतर अमर होऊन. हे वाक्य मी जन्मभर सत्कारसमारंभांत टाळ्यांसाठी वापरलं. माझा वर्गमित्र मधुसूदन यानं ते वाया घालवलं. एकाहत्तरच्या लढाईत तो टेहळणीला विमान घेऊन गेला. विमान सापडलं नाही, तोही नाही. सरकारदरबारी तो अजून 'बेपत्ता'च आहे.

त्यामुळं औरंगपुऱ्यातल्या त्याच्या घरी भलताच घोळ. त्याची बायको, दमयंतीवहिनी, आजही कुंकू लावतात, वडाला फेऱ्या मारतात आणि त्याच्या फोटोला हार घालू देत नाहीत. तेव्हा पोटात असलेला हिमांशू आता बापाच्या दुप्पट वयाचा झालाय.

यंदा पितृपक्षात त्यानं हट्टच धरला. "आई, मला स्टेंट बसवलाय. मी गेल्यावर बाबांना पाणी कोण देणार?"

"ते आले की मी देईन ना. माठातलं."

शेवटी तडजोड झाली. गच्चीवर पान ठेवायचं. कावळा शिवला तर वहिनी फोटोला हार घालणार. नाही शिवला तर विषय कायमचा बंद. म्हणजे हवाई दलाला इतक्या वर्षांत जे कळलं नाही, ते कावळ्यावर सोपवलं. तटस्थ साक्षीदार म्हणून मला वर बसवलं.

कावळा आला. पानावरून एक घिरटी घातली, दुसरी जरा खालून. मान वाकडी करून वडे, खीर, अळू सगळं नीट पाहिलं आणि क्रांती चौकाच्या दिशेनं निघून गेला. मी बराच वेळ तिकडंच बघत राहिलो. वळलो तर पानावरचा एक वडा गायब. कठड्यावर एक खार तोंड पुसत होती.

एवढ्यात वहिनी, हिमांशू आणि श्राद्धाला बोलावलेले गुरुजी जिन्यात येऊन उभे राहिले.

"काका, शिवला ना?" हिमांशूनं पानाकडं मान उंचावत विचारलं.

"खरं सांगा हं, भाऊजी." वहिनींनी जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

"पाहून गेला," मी म्हणालो. "वडा कुणी नेला ते ठाऊक नाही."

गुरुजींनी डोळे मिटले. "पाहणं म्हणजे शिवणं नव्हे. पण अगदीच न शिवणंही नव्हे. पानावर सावली पडली का?"

"ऊन कुठंय?"

हिमांशू मटकन पायरीवर बसला. "म्हणजे बाबा आहेत का नाहीत?"

वहिनींनी एकदा आभाळाकडं पाहिलं. मग त्याच्या शेजारी टेकल्या. "त्यांचं असंच रे. पाहून येतो म्हणाले. काय पाहिलं ते सांगायला आलेच नाहीत. तुला पाणी द्यायचंय ना? दे बाबा. पण हार मी नाय घालणार."

"वहिनी, शास्त्रात असं अर्धं..." गुरुजी कुरकुरले.

"मग शास्त्राला धाडा विमानातून, बघून येईल." वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, एवढं करा. खाली येताना टाकीचं झाकण लावून घ्या. कावळे चोची घालतात पाण्यात."