कांद्यावरचं लक्ष

आमच्या घरात कढईतल्या कांद्याकडे कुणी बघत नाही. ते काम आईच्या नाकाचं. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिने तीसएक वर्षं दोनशे माणसांचा रस्सा केला. घरी खुर्चीत डोळे मिटून बसली, तरी आत कढईत काय चाललंय ते तिला बसल्या जागी कळायचं. "जळला गं!" अशी हाक आली की मी धावायचे. हाक नाही म्हणजे कांदा अजून कच्चा. मी शर्टाच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवते, कढईपाशी उभं राहायचा धीर माझ्यात नाही. "हिचं डोकं आणि हिचा कांदा, दोन्ही एकदमच तापतात," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

रविवारी दुपारी चौघं एकत्र जेवायचो. बटाट्याचा रस्सा आणि ताजा पाव, बाकी काही नाही. बाबा कुलपं दुरुस्त करतात, बोलण्याच्या बाबतीतही कुलूपच. कितीही चांगलं झालेलं असो, "बरं झालंय" याच्यापुढे त्यांची मजल गेली नाही. धाकट्या भावाला आम्ही खादाड म्हणतो. तो पावाने कढई अशी पुसायचा की आई म्हणायची, "आता घासायची तरी कशाला?" एवढंच सुख होतं आमचं, पण पोटभर होतं.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. मानेला भोक पाडलं, श्वास त्यातून. पोटात नळी, दुधासारखं पातळ अन्न तिच्यातून. घरी आणली तेव्हा तिच्या उशाशी एक पाटी ठेवली आणि हाक मारायला एक चमचा. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तो वाजवला की आम्ही हजर.

त्याच दिवशी मी फर्मान काढलं. "घरात काही शिजवायचं नाही. तिला घास गिळता येत नाही आणि आपण तिच्या नाकासमोर कांदा परतायचा? लाज आहे का काही?" कुणी काही बोललंच नव्हतं, तरी मी भांडले. तेव्हापासून आम्ही जिन्यात जेवायचो. बाबा हत्यारांच्या पिशवीवर बसून कोरडा पाव चावायचे. खादाड दोन घासांत उरकून तोंड पुसून आत जायचा. दोन महिने असे काढले, आणि मला वाटायचं, आपण किती सोसतोय तिच्यासाठी.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. शनिवारी आईने पाटीवर लिहिलं, "घराला वास राहिला नाही."

मी तिची चादर सारखी करत राहिले. तिने खाली लिहिलं, "जेवता कुठे?"

"कामावरच खातो गं आम्ही."

"खोटं. खादाडच्या शर्टावर पावाचा चुरा."

मग पाटी पुसून सावकाश लिहिलं, "माझ्याजवळ बसून जेवा. वास तरी येऊ दे."

मला भडभडून आलं. दोन महिने मी तिला तिच्याच घरात उपाशी ठेवलं होतं, तेही मोठ्या शहाणपणाने.

रविवारी सकाळी मी कढई काढली. कांदे चिरले, मोठ्या आचेवर टाकले. तिकडे बाबा आणि खादाड जेवणाचं टेबल आईच्या खोलीत नेत होते, ते दारातच अडकलं.

"आधी तिरकं करा बाबा."

"तिरकंच आहे."

"याला तिरकं म्हणतात?"

मला राहवलं नाही. गेले आणि दोघांवर ओरडत टेबलाचा पाय धरला. कांद्याची मला काळजी नव्हती. जळायला लागला की आई चमचा वाजवेलच.

टेबल आत आलं. चादर घातली. आईने हाताने केस सारखे केले आणि उशीला टेकून बसली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा दिसत होता! चमचा उशाशी तसाच पडलेला. तेवढ्यात खादाड नाक वर करून म्हणाला, "ताई, काहीतरी—"

मलाही वास आला. जळका, घशात बसणारा. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं आणि आईकडे पाहिलं. ती पाटीवर लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने हसत पाटी आमच्याकडे फिरवली.

"कधी सुरू करणार?"

दवाखान्यातली नर्स मला काहीतरी सांगत होती, ते तेव्हा आठवलं. श्वास आता नाकातून जाणार नाही, त्यामुळे, असं काहीतरी. आईचा पलंग बदलून द्या म्हणून मी त्या वेळी तिच्याशी भांडत होते. पुढचं ऐकलंच नाही. घराला वास राहिला नाही, असं आईने लिहिलं होतं. वास घराचा नाही, तिच्या नाकाचा गेला होता. दोन महिने आम्ही जिन्यात बसलो ते फुकट.

दारातून धूर आत आला. वर छताला लागून पसरायला लागला. आईची नजर आमच्या तोंडांवरून त्याच्याकडे गेली. ती बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिली. हात नाकापर्यंत गेला आणि परत खाली आला. तिला कळलं. आम्हाला कळलंय, हेही तिला कळलं असावं.

तिने बाहीने घाईघाईने पाटी पुसली. चमचा उचलला आणि दांडीवर वाजवला. खण खण खण. मग पाटीवर लिहिलं, "जळला गं!" आणि माझ्यावर डोळे वटारले.

"आले, आले!" मी ओरडले. "तुझ्या नाकापुढे माझं काही चालायचं नाही बाई!"

स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. कांद्याचा कोळसा झाला होता. मी तोंडात पदर कोंबून रडले. घरात दुसरा कांदा नव्हता. मग त्यातच बटाटे घातले, पाणी ओतलं, उकळलं आणि वाढलं.

रस्सा काळा आणि कडू झाला होता. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून आम्ही सगळा संपवला. खादाडने कढई पावाने पुसली. तिने पाटी बाबांपुढे धरली, "कसा झालाय?"

बाबांनी घास गिळला. "तुझ्या हातचा वाटतो," ते म्हणाले आणि पुढे बोलतच राहिले, मीठ कसं बेताचं आहे, बटाटा कसा विरघळतोय, कांदा कसा गोडसर लागतोय. जन्मात एवढं बोलले नव्हते. आई डोळे मिटून ऐकत होती.