केक खोटा, बटण खरं

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे आणि माझ्यात आजवर एकही केक भाजला गेलेला नाही. हसू नका. मी भातुकलीतला ओव्हन आहे. लाकडाचा, वीतभर उंच, आत दोन कप्पे आणि दाराच्या वर एक गोल बटण. ते शून्यापासून पाचापर्यंत फिरवले की आतली पट्टी खाचेत बसते आणि 'खट्' असा आवाज येतो. मग केक झाला असे समजायचे.

मला एका सुताराने आपल्या भाचीसाठी घडवले. कडा अशा घासल्या की कुठेही हात फिरवा, कुसळ लागणार नाही. फक्त बटणाची खुंटी भोकाच्या मानाने जाड झाली. ती त्याने हातोडीने ठोकून बसवली. "वापरून वापरून होईल सैल," तो म्हणाला. सुतार चांगला होता, पण त्याला माझा स्वभाव ठाऊक नव्हता. मी काही सैल झालो नाही.

भाची तेव्हा चार वर्षांची. दोन्ही हातांनी जोर लावून बिचारी लालबुंद व्हायची. मग घरात प्लॅस्टिकचा एक ओव्हन आला. त्याला दिवा होता, तो गाणे म्हणायचा. मी कपाटावर गेलो आणि दोन वर्षे धूळ खात पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? त्याचे गाणे वर ऐकू आले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तेवढीच काय ती आग माझ्या वाट्याला आली.

या मुलीचे बाबा बेकरीत भट्टी सांभाळत. एका सकाळी पीठ मळताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू पाय सावरला, बोलणे सुधारले, पण उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहू लागला. व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी यायच्या आणि त्या हातात मऊ चेंडू द्यायच्या. ताईंची पाठ वळली की चेंडू पलंगाखाली. "मी काय तान्हं बाळ आहे, चेंडू दाबत बसायला?" असे म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून निजायचे. ताईंनी आईला बजावले, "हात वापरला नाही, तर तो असाच राहील."

त्याच सुमारास प्लॅस्टिकच्या ओव्हनचे गाणे कायमचे बंद पडले. मुलीने खुर्चीवर चढून मला खाली काढले, फ्रॉकने पुसले आणि बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"बाबा, तू भट्टीवाला. मी मालकीण. चल, केक लाव."

बाबांनी डावा हात पुढे केला.

"तो नाही. भट्टीवाल्याचा हात हा."

बाबांनी उजवा हात कसाबसा माझ्यावर टेकवला आणि तोंडानेच "खट्" केले.

"तोंडाने नाही करायचं! केक खोटा आहे, बटण खरं आहे."

नियम मोडता येण्यासारखा नव्हता.

पहिल्या आठवड्यात त्यांची बोटे बटणाभोवती वळेनातच. मुलगी मदतीला सरसावायची, मग स्वतःचेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. एके दिवशी बाबांचा धीर सुटला. त्यांनी डाव्या हाताने मला ढकलून दिले.

"एवढंसं खेळणं ऐकत नाही माझं, खरी भट्टी काय ऐकणार? संपलं माझं काम."

मी फरशीवर आपटलो, एक कोपरा उडाला. आईने मला उचलले आणि मेणबत्तीचा तुकडा आणला. "खुंटीला जरा मेण घासते. अलगद फिरेल."

मित्रांनो, माझे धाबे दणाणले. घट्टपणा सोडला तर माझ्याजवळ दुसरे होतेच काय? पण बाबांनीच मान वळवली.

"नको. मग मी फिरवलं की मेणाने फिरवलं, ते मला कळणार कसं?"

तेव्हापासून आम्ही दोघेही इरेला पेटलो. ते मला सोडेनात, मी त्यांना सूट देईना. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला कळवळा येत नव्हता असे नाही. पण मी ढिला पडलो असतो तर त्यांची फसवणूक झाली असती. महिन्याभराने बटण एकावर आले, नंतर दोनावर. तिनावर आम्ही बरेच दिवस अडून बसलो. चेंडूही आता पलंगाखालून बाहेर आला होता.

आणि एका दुपारी मी 'खट्' वाजलो.

आई ओल्या हातांनीच धावत आली. बाबा बटणाकडे नुसते बघत राहिले. मुलगी मात्र म्हणाली, "हे खोटं खोटं झालं. परत."

बाबांनी बटण शून्यावर आणून परत फिरवले. खट्.

"हेही खोटं."

तिसऱ्यांदा खट् झाले आणि तिला रडू फुटले. "बटण फिरलं म्हणजे आता तू बेकरीत जाणार ना?"

बाबांनी उजवा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "जाणार. सकाळी त्या भट्टीवर, संध्याकाळी तुझ्या."

"आणि उशीर केलास तर?"

"तर मालकीणबाई, कामावरून काढून टाका."

ती रडता रडताच हसली. बाबा बेकरीत गेले आणि पुढे कितीतरी संध्याकाळी माझ्यावरही आले.

मुलगी मोठी झाल्यावर तिनेच मला ताईंच्या व्यायामाच्या खोलीत आणून ठेवले. सध्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई माझ्याशी झुंजत आहेत. कालपर्यंत त्या दोनावर होत्या. त्यांचा नवरा शेजारी बसतो आणि सारखा मध्ये हात घालतो. मला त्याचा भारी राग येतो, कारण तो प्रेमाने घालतो.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. तुमच्या घरी कुणी शर्टाची बटणे सावकाश लावत असेल, कुणाचा घास तोंडापर्यंत पोचायला उशीर लागत असेल, तर "दे इकडे" म्हणू नका. शेजारी बसा. तुमचे हात शिवशिवतील. शिवशिवू देत. त्याचा खट् त्यालाच वाजवू द्या.