रिकाम्या खोलीतला माणूस

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे आणि माझ्याजवळ एकच पिक्सेल आहे. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात असे लाखो असतात, म्हणून मला कमी लेखू नका. समोरच्या खोलीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा प्रकाश पडतो. दर क्षणी नक्षी बदलते. प्रत्येक नक्षीचा एकूण किती प्रकाश परतला, एवढा एकच आकडा मी सांगतो. अशा असंख्य आकड्यांतून संगणक चित्र जुळवतो. आमचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, परंतु धुरातून बऱ्यापैकी पार जाणारा. म्हणूनच आगीत अडकलेली माणसे शोधण्याचे काम आमच्याकडे आले.

माझी संशोधिका रोज सकाळी माझ्यावर टोपण घालून अंधाराचा आकडा घेई आणि तो पुढच्या मोजमापांतून वजा करी. शिस्त उत्तम होती. मात्र अपुरे चित्र अंदाजाने भरायला संगणकाला शिकवताना तिने त्याला दाखवलेल्या प्रत्येक खोलीत माणूस होता. रिकामी खोली त्या बिचाऱ्याने कधी पाहिलीच नाही. कौतुक चित्रांचे होई. माझ्या आकड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

चाचणीच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ धुराच्या खोलीत उभा राहिला. तो अग्निशमन दलात जवान. यंत्र पसंत पडले तर तोच ते घेऊन आगीत शिरणार होता. पडद्यावर माणूस उमटला.

"वा, खांदेसुद्धा स्पष्ट," विभागप्रमुख सर म्हणाले.

भाऊ खोकत बाहेर आला. "ताई, माझं पोट इतकं सपाट कधी झालं गं?"

तिने हसत यंत्र पुन्हा चालवले. खोली रिकामी होती. पडद्यावर माणूस तसाच.

"आधीचं चित्र राहिलं असेल," सर म्हणाले.

ती उठून माझ्यापाशी आली. टोपण सकाळपासून जागच्या जागी होते. मी सारा वेळ अंधार आहे, अंधार आहे, एवढेच सांगत होतो.

भावाचा आवाज उतरला. "म्हणजे ह्याला सोडवायला मी आत गेलो असतो."

"टोपण काढा आणि चित्र पुन्हा घ्या. दुपारी यंत्र बघायला पाहुणे येतायत," सर म्हणाले.

"नाही सर. टोपण काढायला मी विसरले, ते खरं. पण उद्या काच काजळली तरी संगणक माणूस दाखवणारच. रिकाम्या खोलीला रिकामी म्हणायला शिकेपर्यंत हे यंत्र मी माझ्या भावाच्या हातात देणार नाही."

सरांनी तोंड वाकडे करून पाहुण्यांना फोन लावला.

तेव्हापासून मी दिवसभर रिकाम्या खोल्या पाहतो आहे. संगणक अजूनही अधूनमधून कोपऱ्यात कोणालातरी उभे करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवणी सुरू होते. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

मित्रांनो, आमच्या काचा जरूर पुसा. पण मी काही दिसत नाही असे म्हटले, तर कृपा करून माझ्या वतीने कोणी काही पाहू नका.