दोन कानांचा घडा

दारूचा देव दियोनिसस, त्याचं देऊळ वर्षातून एकदाच उघडायचं आणि सूर्य मावळला की बंद व्हायचं. आज तोच दिवस होता, पण दुपार कलली तरी फिलिस्कस अजून आपल्या अंगणातच होता. देवाला वाहिल्याशिवाय नवी दारू कुणी तोंडाला लावत नसे. आणि ही तर त्याच्या बायकोनं, लिसिलानं तोडलेल्या द्राक्षांची. तोडणीनंतर महिन्याभरात ती तापानं गेली. आज चुकलं, तर तिच्या हातचं देवाला पोचणारच नव्हतं.

त्यानं भरलेला घडा छातीशी कवटाळला, चार पावलं टाकली, खाली ठेवला. खांद्यावर घेतला, तर मानच वाकडी झाली.

"जावईबापू, घडा नेताय की कुस्ती खेळताय?" त्याची सासू मीका दारातून म्हणाली.

"नेईन मी एकटा."

"म्हणतात काय याला?"

"आम्फोरेउस. पोराटोरांनाही ठाऊक आहे."

"माझे आजोबा आम्फिफोरेउस म्हणायचे. आम्फी म्हणजे दोन्ही बाजूंनी, फोरेउस म्हणजे वाहणारा. दोघांनी दोन कान धरून न्यायचा, म्हणून ते नाव. तुम्हाला बोलायचीही घाई, मधला 'फि' गिळलात. आता दुसरा माणूसही गिळायला निघालात!"

"दुसरं माणूस आहे कुठे आता?"

मीकानं कमरपट्टा आवळला. "आणि मी काय, अंगणातला खांब? धरा तो कान."

घडा उचलला तो सगळा मीकाकडे कलला.

"वाका की जरा! उंची काय नुसती ऑलिव्ह झोडायला दिलीय देवानं?"

"तुम्ही टाचा उचला, सासूबाई."

"उचलते. तुम्ही आधी नाक खाली करा."

अशी भांडतभांडत दोघं निघाली. विहिरीपाशी त्यांनी हात बदलले, वेशीपाशी पुन्हा बदलले. दलदलीकाठच्या देवळात पोचली तेव्हा भिंतीवर वीतभर ऊन उरलं होतं. पुजारणीनं बूच काढलं, रिवाजाप्रमाणे दारूत पाणी मिसळलं, पहिली धार देवापुढे ओतली आणि वाडगा फिलिस्कसच्या हाती दिला.

त्यानं घोट घेतला. चेहरा कसनुसा झाला.

"आंबट आहे," तो हळूच म्हणाला.

मीकानं चाखून पाहिलं. "असणारच. द्राक्षं पिकेपर्यंत माझी लेक थांबली होती का कधी?"

फिलिस्कस इतका मोठ्यानं हसला की पुजारणीनं वळून पाहिलं. डोळे पुसत त्यानं वाडगा परत मागितला.