ऐंशी टक्के

श्यामसुंदर परब आयुष्यभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. वस्तू देण्यापेक्षा वस्तू राखण्यात त्यांचा हातखंडा. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. मुलुंडच्या त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक जुनी चादर. पाहुण्यांसाठी ठेवलेले कप पाहुणे आले तरी कपाटातच. त्यांच्या बायकोने, कुंदाताईंनी, भांडणं कधीच सोडून दिलं होतं. माणूस दारूला शिवत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वस्तू जपतो तर जपू दे बापडा, असं त्या मनाला समजावत. समजावून समजावून बाई थकल्या होत्या, एवढंच.

त्यात घरात इलेक्ट्रिक गाडी आली आणि वाट लागली.

गाडी बेंगळुरूच्या ओजसने, त्यांच्या मुलाने, आईसाठी घेऊन दिलेली. "आईचे दोन्ही गुडघे गेलेत बाबा, तिला आता ट्रेनचे जिने झेपत नाहीत. तिला नंदामावशीकडे देवगडला नेऊन आणा," असं त्याने चावी देतानाच सांगितलं होतं. नंदा म्हणजे कुंदाताईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून कुंदेच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं नंदानेच केलं. आता तीच नंदा विसरायला लागली होती. आधी गॅसवरचं दूध, मग देवळातून घरी यायची वाट, मग शेजाऱ्यांची नावं. तिची मुलगी माधुरी फोनवर स्पष्टच बोलली, "मावशी, यायचं तर लवकर ये. आई अजून तुला ओळखते."

अजून ओळखते. हे दोन शब्द कुंदाताईंच्या डोक्यात घर करून बसले.

आणि इकडे श्यामसुंदररावांनी बॅटरीवरचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. सकाळी चहाबरोबर बॅटरी, दुपारी वरणभाताबरोबर बॅटरी. फोनमध्ये त्यांनी चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर लावून टाकली. गाडी ऐंशीच्या वर भरायची नाही, विसाच्या खाली उतरू द्यायची नाही. उन्हात उभी करायची नाही. फास्ट चार्जिंगचं तर नाव काढायचं नाही, त्याने म्हणे बॅटरी आतून शिजते. ओजसने फोनवर किती वेळा सांगितलं, "अहो बाबा, रोजच्यासाठी ऐंशी ठीक आहे. लांब जायचं तर शंभर करा, वाटेत फास्ट चार्जिंग करा, काही होत नाही. गाडी शंभरावर नुसती उभी ठेवू नका, म्हणजे झालं." बाबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

"भरलेली गाडी उभी ठेवली की बॅटरी सडते," ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगू लागले.

तर अशा गाडीतून कुंदाताई कुठे गेल्या? भाजीबाजारात आणि दातांच्या डॉक्टरकडे. एकदा घाटकोपरला बारशाला गेल्या, तेही एसी बंद ठेवून.

देवगडचं काढलं की मे महिन्यात उत्तर यायचं, "या उन्हात? बॅटरी तापेल." पावसाळ्यात, "रस्त्यात पाणी भरलं म्हणजे?" गणपतीला सगळा हायवे कोकणात निघालेला, चार्जरपाशी रांगा लागणार. दिवाळीला म्हणाले, "थंडी पडू दे. थंडीत झकास जाऊ." थंडी पडली, तेव्हा थंडीत बॅटरी कमी चालते असा व्हिडिओ सापडला. मुंबईत मेली कसली थंडी.

कुंदाताई दर रविवारी नंदाला फोन करत. "कुंदे, कधी येतंस गो?" नंदा विचारायची. "येतंय गो, येतंय," या म्हणायच्या आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसायच्या. हल्ली नंदाला आवाज ओळखायला वेळ लागू लागला होता. मागच्या रविवारी तर माधुरीला नाव सांगावं लागलं, तेव्हा कुठे नंदा म्हणाली, "कुंदा व्हय?" त्या वेळी कुंदाताईंचा जीव खाली गेला तो वर आलाच नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अहो, या आठवड्यात जाऊया का?"

"बघू," श्यामसुंदरराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

बघू. कुंदाताईंना त्या शब्दाचा एवढा कंटाळा आला होता की राग यायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं. शनिवारी श्यामसुंदररावांनी पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावली आणि वर येऊन दुपारचे आडवे झाले. फोन उशाशी. कुंदाताईंनी तो हळूच उचलला, ओजसने दाखवलं होतं तसं बोटाने चार्जिंगच्या मर्यादेची रेघ ऐंशीवरून सरकवत पार शंभरावर नेली आणि फोन होता तिथे ठेवला. मग पलंगाखालची बॅग ओढून साड्या भरायला बसल्या.

रविवारी सकाळी श्यामसुंदररावांनी फोन बघितला आणि चहा तसाच ठेवून उभे राहिले. "शंभर कशी झाली ही?"

"मी केली."

"तू? अगं, वेड लागलंय का तुला? भरलेली गाडी..."

"उभी ठेवली की सडते," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग उभी ठेवू नका. चला देवगडला."

बरं, नवरा गडबडला म्हणावं, तर तोही वस्ताद. खिडकीपाशी जाऊन त्याने खाली गाडीकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "ऐरोलीच्या पुलावरून फेऱ्या मारून येतो. उतरेल ऐंशीपर्यंत."

कुंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या बहिणीकडे न्यायला गाडी झिजते, आणि रिकाम्या फेऱ्या मारायला झिजत नाही?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी किती जपायचं हो तुमचं? आणि माझं कुणी काय जपलं?"

श्यामसुंदरराव खुर्चीत बसले. बराच वेळ हातातली चावी चाळवत राहिले. मग म्हणाले, "कपडे काढ माझे. माधुरीला कळव, निघतोय म्हणून."

कुंदाताईंना आनंद झाला, खरंच झाला. त्यांनी फोन लावला आणि नवऱ्याचे कपडे काढता काढता बोलता यावं म्हणून स्पीकर लावून टेबलावर ठेवला. "माधुरी, निघतोय गं आम्ही. आज येतोय. दे आईला."

पलीकडे खुडबुड झाली. माधुरीचा आवाज आला, "आई, मुलुंडहून फोन आहे, बोल."

"नंदाताय, मी गो," कुंदाताई म्हणाल्या. "आज येतंय. रात्रीक जेवणाक तुज्याकडेच."

नंदाचा आवाज आला. परक्या माणसाशी बोलावं तसा, अगदी अदबीचा.

"मुलुंडसून बोलतास काय तुमी? माझी भैन रवता थंय. कुंदा नाव तिचा. येतंय येतंय म्हणता नि येणा नाय." जरा थांबून ती म्हणाली, "तुमका खंय भेटली तर सांगशात तिका?"

माधुरी मागून काहीतरी सांगत होती, "अगं आई, हीच ती," पण नंदा उत्तराची वाट बघत होती.

"सांगतंय," कुंदाताई म्हणाल्या.

फोन बंद झाला. श्यामसुंदरराव सगळं ऐकत उभे होते. त्यांनी बॅग उचलली, परत खाली ठेवली, परत उचलली. "चल, लगेच निघू," ते घाईघाईने म्हणाले. "महाडला फास्ट चार्जिंग करू, पुढे हातखंब्याला परत करू. एसीही लावतो. जेवायला थांबायलाच नको, डबाच घेऊ बरोबर..."

कुंदाताईंनी कपाट उघडलं. वरच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत एक हिरवी साडी होती, ओजसच्या बारशाला नंदाने स्वतः निवडून आणलेली. चांगल्या प्रसंगाला नेसू म्हणून ती तशीच राहिली होती. त्यांनी घडी उलगडली तर घडीच्या रेघेवर रेशीम विरलेलं, दोन ठिकाणी तर पार फाटलेलं. त्यांनी तीच नेसायला घेतली. फाटलेला भाग निऱ्यांमध्ये दडवला आणि पदर खांद्यावर नीट लावला. निदान साडी तरी तिला ओळखू येईल.

"लवकर आवर," श्यामसुंदरराव दारातून म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "जोरात मारतो गाडी. संध्याकाळच्या आत पोचवतो तुला."

"सावकाश चालवा," कुंदाताई म्हणाल्या. "आता घाई कसली."